घरात न घेतलेलं नाव

मी तेव्हा मालवाहू जहाजावर खलाशी होतो. आमच्या वाडीत घरटी एक तरी माणूस बोटीवर असतो, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. ब्राझीलहून निघालो होतो. कॅप्टनने वर बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि फोन हातात दिला. पलीकडे दादा होता, माझा थोरला भाऊ. माझा मुलगा कॉलेजच्या मित्रांबरोबर आरे-वारेच्या किनाऱ्यावर गेला होता. पाण्यात उतरले आणि हा ओढीत सापडला. बाकीचे वर आले.

"मिळाला," दादा म्हणाला. "पण गेला."

जहाज भर समुद्रात होतं. पुढच्या बंदरात उतरून घरी पोचलो तेव्हा तेरावंही उरकलं होतं. मुलाचा शेवटचा चेहरा मी पाहिला तो दादाच्या मोबाइलवर, आणि तोही दादा दाखवायला तयार नव्हता.

बोटीवर जायच्या आधी दरवेळी मी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचो, की मागे घरच्यांना सांभाळ. आता देवळापाशी गेलो तर पायरीवरूनच परत यायचो. देवाचा राग आला होता असं नाही. राग आला असता तरी काहीतरी असतं. आत काहीच नव्हतं. पुन्हा बोटीवर गेलो नाही. शहरात पाण्याच्या पंपांच्या दुकानात लागलो आणि जाता-येता किनाऱ्याचा रस्ता टाळून आतल्या रस्त्याने जायला लागलो. दुकानात गिऱ्हाइकाशी जेवढ्यास तेवढं बोलायचं आणि घरी तेवढंही नाही. बायको ताट वाढायची, मी चिवडून उठायचो. मुलाचं नाव आम्ही दोघांनीही घ्यायचं सोडलं. तिला वाटायचं मला त्रास होईल, मला वाटायचं तिला.

वर्ष असंच गेलं. मे महिन्यात वाडीच्या टोकाला राहणाऱ्या सिस्टरनी निरोप पाठवला. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, ख्रिस्ती, एकट्याच राहायच्या. घर शाकारायला माणूस मिळत नव्हता. मला उंचावर चढायची सवय, म्हणून गेलो. सकाळभर फुटकी कौलं काढून नवी बसवली. खाली उतरलो तर त्यांनी चहा आणि घावणे पुढे ठेवले, डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. पोथीतलं काही नव्हतं. शेजारच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होत्या. खाण्याबद्दल आभार मानले, पाऊस वेळेवर येऊ दे म्हणाल्या, आणि मग माझ्या मुलाचं नाव घेतलं. "त्याच्या आईबापांना धर," म्हणाल्या. "त्यांना कुणी धरलेलं नाही."

ते नाव मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होतो. मुलगा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या ओटीवर रडलो, आणि बराच वेळ रडलो. सिस्टरनी मला गप्प केलं नाही. थंड झालेला चहा आत नेऊन गरम करून आणला.

मग मी विचारलं, "तुमचा देव त्या दिवशी कुठे होता?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "वॉर्डात पोरं जायची तेव्हा मीही विचारायचे. अजून विचारते."

मला वाटलं होतं त्या काहीतरी समजावतील. थोड्या वेळाने त्यांनी मला येशूची गोष्ट सांगितली. त्याचा मित्र मेला होता. आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्या मित्राच्या बहिणींना रडताना पाहून तोही रडला.

"ठाऊक असून?"

"हो. ठाऊक असून."

ते माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात दुकानातून येताना मी किनाऱ्याचा रस्ता धरला. आरे-वारेच्या वरच्या वळणावर गाडी लावली. ऊन होतं, खाली माणसं उसाचा रस पीत होती. मी मनात एवढंच म्हटलं, तू रडला असशील तर माझ्याजवळ उभा राहा. आवाज वगैरे काही आला नाही. पण मी एकटा नव्हतो, हे मला कळलं. कसं कळलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला पूर्वी मारायचो तशी, मुलाचं नाव घेऊन त्याची आई म्हणून हाक मारली. ती चुलीशी होती. वळली आणि खालीच बसली. मग आम्ही त्याच्याविषयी बोललो, अंधार पडेपर्यंत.

रविवारी मी सिस्टरबरोबर चर्चमध्ये जायला लागलो. छोटंसं चर्च, पेटी-तबल्यावर मराठी गाणी, मागच्या बाकावर मी. भूक लागायला लागली, झोप यायला लागली. दुःख गेलं नाही, पण त्याच्याखाली पाय टेकायला जमीन लागली. बाप्तिस्मा घ्यायचं म्हटलं तेव्हा चर्चचे पाळक म्हणाले, "घाई नको. आधी बायकोशी बोल."

तिचं उत्तर सरळ होतं. "तुम्ही माणसांत आलात, मी कशाला अडवू? पण मला ओढू नका. माझे देव माझ्याजवळ राहू देत."

मी बाप्तिस्मा घेतला, आणि तिचं म्हणणं पाळलं. आमच्या घरात तिचं देवघर आहे, आणि सकाळी मी ओटीवर बसून प्रार्थना करतो.

दादाला मात्र ते सोसलं नाही. "आता गणपतीला यायचा नाहीस?" त्याने विचारलं.

"येईन. मखर बांधीन, नारळ सोलीन, पंक्तीला वाढीन. पूजेला बसणार नाही."

"मग येऊच नको."

दोन गणपती मी गेलो नाही. ते जड गेलं. वाडीतले काही बोलायचे थांबले, काहींनी मला पैसे मिळाले असं पसरवलं. मी कुणाशी भांडलो नाही.

गेल्या पावसाळ्यात दादाच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. त्याचे मुलगे मुंबईला, त्यांना पोचायला उशीर होणार होता. वहिनीने मला फोन केला. मी दवाखान्यात गेलो, दादाच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला न्यायला स्ट्रेचर आलं तेव्हा वळून म्हणाला, "तुझ्या त्या देवाला सांग काहीतरी."

"काय सांगू?"

"ते तुझं तू बघ."

त्याला आत नेलं. मी बाकावर डोळे मिटून बसलो. शेजारी वहिनीचा जप चालू होता. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी पाणी मागितलं, मग मला विचारलं, "जेवलास काय?"