कुणी कास्ट काढली?

"ऑफिसात कुणी कास्ट काढली गं?" आईचा हात परातीतच थांबला होता.

निपाणीच्या घरून काम करताना बेळगावच्या सरांशी फोनवर माझा वाद झालेला. "सगळ्या कास्ट काढायच्या" एवढंच तिनं ऐकलं. आमच्या घरात त्या शब्दाला जातीशिवाय दुसरा अर्थच नव्हता, ती बिचारी काय करणार!

मग समजावलं. आमचा प्रोग्राम साखर कारखान्याच्या वाहतुकीचा. त्यात 'फेरी' हा मूळ क्लास, म्हणजे साचा, त्यात 'वाहन' हे फील्ड, म्हणजे रकाना. 'ऊसफेरी'ला ते वारशानं येतं. ऊसफेरीचं वाहन कायम ट्रॅक्टरच. पण वारशात नाव नुसतं 'वाहन'. म्हणून ट्रॉलीचं काही विचारायचं झालं की दर ओळीला लिहा, बाबा रे, हा ट्रॅक्टर हाय. त्या लिहिण्याला कास्ट म्हणतात. लई वैताग! तेच 'ऊसफेरी' क्लासच्या माथ्यावर एकदा लिहिलं की खालची कटकट संपते.

"पक्की होईस्तवर गप बस की," आई म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याच सरांच्या हातात होतं.

आणि सर कसले? निपाणी म्हटल्यावर गल्ली कुठली, मग आडनाव असं कसं, हे विचारणारे. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आम्ही बौद्ध. तरी डबा उघडला की पुन्हा सुरू, म्हणजे आधीचे कोण? राग यायचा, घास गिळायची.

सोमवारी ऑफिसात बदल करून, तपासून त्यांच्यापुढं ठेवला. इतकी वर्षं चाललंय, हंगाम तोंडावर आलाय, तुलाच काय खाज, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

"सगळं तपासलंय, सर. कोण आहे ते एकदा सांगून झालंय," मी म्हणाले. "आता दर वेळी परत सांगायचं नाही."

मी मान खाली घातली नाही. सरांनी स्क्रीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि बदल मंजूर केला. त्या दिवशी डबा खाताना त्यांनी काही विचारलं नाही.

संध्याकाळी स्टँडवरनं आईला फोन केला. काढल्या सगळ्या, म्हटलं.

"आन नोकरी?"

"ठेवली तर ठेवली. घालवलं तरी त्या कास्ट मी परत लिहायला जाणार न्हाय."

"कुठलीच लिहू नको," आई म्हणाली.