माउथ ऑर्गनची धाप

न्यूमोनियातून उठल्यावर डॉक्टरांनी फुगे फुगवायला सांगितले. पन्नाशी उलटलेल्या बाईनं गॅलरीत बसून फुगे फुगवायचे, याची मला लाज वाटायची. तेव्हा पुण्याच्या लेकीनं माउथ ऑर्गन पाठवला. ट्रेमोलो म्हणतात त्याला. प्रत्येक सुराला दोन रीड, म्हणजे पितळी पट्ट्या असतात, सुरात एकमेकींपासून किंचित हटलेल्या, म्हणून आवाज थरथरत येतो.

"फुंकायचंच आहे ना, मग यात फुंक," ती फोनवर म्हणाली.

आमच्या इथं राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त सर शिकवायचे. तिथं जाऊ लागले. फुंकायच्या भोकावर श्वास ओढला की वाद्य गप्प, ओढायच्या भोकावर फुंकलं तरी गप्प. त्याचं फारसं वाटायचं नाही. धास्ती होती ती धापेची. दोन ओळी वाजवल्या की छाती आवळायची, कानात धडधडायचं. आजार परत आला, असंच मनानं घेतलं. क्लास सुटल्यावर दवाखान्याच्या बाकावर खोकत बसलेल्या माणसांकडे न बघता मी खाली उतरायचे.

घरी बोलले नाही. "आज वाजवत का न्हाईस?" असं यांनी विचारलं की "ओठ दुखतात" म्हणायचे. रिक्षात, भाजी निवडताना, देवापुढं दिवा लावताना हळूच मोठा श्वास घेऊन बघायचे, कुठं अडतो का. शेवटी यांना न सांगता जाऊन छातीचा फोटो काढून आले. डॉक्टर म्हणाले, "छाती स्वच्छ आहे." मला पटलं नाही. फोटोत न दिसणारं काहीतरी असणार, या विचारानं झोप उडाली.

त्यातच सरांनी क्लासचा छोटा कार्यक्रम ठरवला. मला एकटीला एका भजनाची चाल वाजवायची होती. तालमीत मी मधेच थांबले, खुर्चीची पाठ धरली.

"सर, मला नाही जमायचं. दम पुरत नाही."

"ताई, आता श्वास घ्या बघू."

घ्यायला गेले, तर आत जागाच नव्हती.

"येतोय का घ्यायला?"

"नाही."

"कसा येईल? छाती गच्च भरलीया की तुमची! ह्या चालीत ओढायचे सूर जास्त हायत. तुमी नुसतं ओढतायसा, सोडतच न्हाई. ओळ संपली की नाकानं सोडा की!"

मी सोडला. किती वेळ सोडतच होते. डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, फोटोचंसुद्धा.

"एकटीच गेलतीस?" हे ओरडले. "मी काय मेलतो व्हय?"

मग मी सरावाला बसले, तसे हे खुर्ची ओढून शेजारी बसले.

कार्यक्रमात दुसऱ्या ओळीत चुकीच्या भोकावर गेले आणि वाद्य गप्प झालं. पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या जोरात नाकानं श्वास सोडला आणि चाल शेवटपर्यंत नेली.

धास्ती पुरती गेलेली नाही. जिना चढताना दम लागला की आजार परत आला, असंच अजून वाटतं. आता मात्र यांना हाक मारते. हे मागं वळतात, "थांब जरा," म्हणतात, आणि आम्ही दोघं तिथंच पायरीवर बसतो.