राहिलेलं गाणं

नव्याण्णव साली सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण दहा गाण्यांच्या यादीप्रमाणे कॉम्प्युटरवर गाणी जुळवून कॅसेट भरून द्यायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचं वेगळं फोल्डर. दुकानात तो एकटाच, पण समोरच्या दोन खुर्च्या रोज पुसलेल्या. बोलायचा स्क्रीनकडे बघत, आणि दर वेळी तेच. "वैनी, एक गाणं घावलं न्हाई. कॅसेटवर जागा सोडलीया. शुक्रवारी या."

आमचे हे फौजेत, घर रिकामं, म्हणून मी जायचे. हा आपल्यावर भाळलाय असं धरून, पस्तिशीतली ही खुळी शुक्रवारी गजरासुद्धा माळायची.

एकदा तो चहा सांगायला गेला, तेव्हा मी स्क्रीनवर वाकले. माझं न सापडलेलं गाणं तिथंच होतं, 'राहिलेली' म्हणून बाजूला काढलेलं. त्याच्याखाली रिटायर मास्तरांचं एक, तासगावच्या मिशाळ बेदाणेवाल्याचं एक. गजरा वायाच गेला म्हणायचा.

तो आला. मी तिथंच लिहिलेली नवी यादी पुढं सरकवली.

"वैनी, दहावं गाणं लिहिलंच न्हाई की."

"आठवेना बघा," मी म्हटलं. "शुक्रवारी येऊन सांगते."