तात्यांचा पाणथळ तुकडा

तात्यांच्या घरी चहा आला की तात्या आपला कप पाहुण्यापुढे सरकवीत आणि पाहुण्याचा स्वतःकडे ओढून घेत. पहिल्या दिवशी मला तो आदरसत्कार वाटला. त्यांचा मुलगा सुरेश हळूच म्हणाला, "सर, ते सगळ्यांशीच असं करतात. पाहुण्यानं काही मिसळलं असेल तर त्यालाच मिळावं म्हणून." चहा त्यांच्या घरचा, त्यांच्याच सुनेने केलेला. पण तात्यांच्या संशयाला असल्या अडचणी कधी आडव्या आल्या नाहीत.

सुरेश माझा जुना विद्यार्थी, खराडीत नोकरीला. खराडीच्या पलीकडे, आता शहरात आलेल्या गावात, तात्यांची जमीन. तिचा नदीकडचा तुकडा बारमाही ओला: चिखल, पाणकणीस, बगळे. सुरेशला तिथे भर टाकून भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. तेवढ्यात बातमी आली, सरकार पाणथळ जागांची पाहणी करणार. ज्या ठरतील तिथे भर टाकायला आणि बांधायला बंदी.

"सर, तुम्ही भूगोल शिकवता. वडिलांना जरा कायदा समजावा."

मी पेठेतल्या शाळेतला आवाज लावून समजावले. पुराचे पाणी अशाच जागा पोटात घेतात, म्हणून हा कायदा. जमीन कोणी काढून घेत नाही.

"म्हंजे सातबाऱ्यावर नाव माझंच?"

"तुमचंच."

"आन् घर बांधायचं?"

"ते नाही बांधता येणार."

"मंग मालक कशाचा मी, मास्तर? बगळ्यांचा?"

सुरेशचा चेहरा पडला आणि मी विरघळलो. पुढच्याच आठवड्यात एका बिल्डरच्या गोडबोल्या माणसाला मीच तात्यांकडे घेऊन गेलो. पाहणीआधी तो फुकट राडारोडा टाकून तुकडा भरून देणार होता. पाणीच दिसले नाही तर पाणथळ कसली? बदल्यात, पुढेमागे जमीन विकली तर त्यालाच विकायची, एवढे लिहून हवे होते.

"या की आत, दाखवतो," म्हणत तात्यांनी आम्हाला गुडघाभर चिखलात नेऊन उभे केले. माझा एक बूट चिखलाने ठेवून घेतला.

"शेजाऱ्याकडं टाकलंत तसंच टाकनार?"

"अगदी तसंच, तात्या."

"आन् सरकार म्हनलं उचला, तर उचलाया कोन येनार?"

"ते नंतर बघू ना."

"मंग बघून या."

पाहणीवाले आले तेव्हा "टेप ढिली सोडाल" म्हणून तिचे दुसरे टोक तात्यांनी स्वतः धरले. तरी सगळा तुकडा पाणथळीत गेला. शेजाऱ्याला राडारोडा स्वखर्चाने उचलायची नोटीस आली. तात्या त्यातून सुटले, पण सुरेशच्या खोल्या कायमच्या बुडाल्या. बापलेकाचे बोलणे तुटले.

मी सांत्वनाला गेलो. "तात्या, तुमच्यामुळे पाणी वाचलं."

"वाचवलं बिचवलं काय न्हाई. फसलो न्हाई, एवढंच."

मग तिकडे कोणी फिरकेना. बिल्डर नाही, दलाल नाही, साहेब नाही. ज्या जमिनीवर कुणाचाच डोळा नाही, तिची राखण कशी करणार? तात्या ओसरीतल्या खाटेवर पडून राहू लागले. जेवण सुटले. मी गेलो तर "कशाला आलात?" एवढेही विचारीनात. ते मला फार लागले.

पुढच्या खेपेला मी घरात न जाता थेट ओसरीसमोरच्या बांधावर गेलो आणि लांब ढांगा टाकत, बोटांवर आकडे मोजत, गंभीरपणे मान हलवत बांध मापू लागलो. बगळेसुद्धा माझ्याकडे बघत होते.

"ओ मास्तर!" तात्या उठून बसले होते. "काय मोजताय? कुनी धाडलं?"

"कुणी नाही. सहज."

"सहज कुनी मोजत न्हाई! सुरेश, काठी आन रं माझी!"

पुष्कळ दिवसांनी बापाने लेकाला हाक मारली होती. सुरेश धावत काठी घेऊन आला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तात्या बांधापर्यंत आले आणि त्यांनी मला पार रस्त्यापर्यंत पिटाळले. त्या दुपारी ते नीट जेवले, असे सुनेने सांगितले. मग मी दर रविवारी संशयास्पद वागायला जाऊ लागलो.

थंडीत तात्या गेले. शेवटी त्यांनी सुरेशला एकच बजावले म्हणे, "त्या मास्तरावर नजर ठेव."

मी अजून जातो. सुरेश नजर ठेवतो.