आठ पावलांवरचं झाकण

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी टेप वापरली नाही. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, आमच्या आसपासच्या निम्म्या घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या, आणि सगळं मोजमाप वीत, हात आणि पाऊल यांत. खिडकी चार हात, कट्टा दोन हात, खोली पाच पावलं. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मी बाबा म्हणते. मी शिवणकाम करते. त्यामुळे माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते, आणि ती दिसली की बाबांना चिमटा काढायची हुक्की येते.

“ही तुझी टेप जुनी झाली की ताणते,” ते म्हणायचे. “पाऊल ताणत नाही. आहे तेवढंच राहतं.”

यावर मी काय बोलणार? कापडी टेप ताणते हे खरंच आहे.

हे घर त्यांनी स्वतः बांधलं. नकाशा नाही, कागद नाही. “नकाशा इथं आहे,” म्हणून कपाळावर बोट ठेवायचे. लग्न होऊन मी आले तेव्हा मागच्या अंगणात ड्रेनेजच्या चेंबरचं लोखंडी झाकण फरशीच्या वर बोटभर उचललेलं होतं. पहिल्याच महिन्यात धुण्याची बादली घेऊन मी त्याला अडखळले आणि गुडघा फोडून घेतला. दुसऱ्या दिवशी बाबांनी कोणाला न विचारता ते झाकण खाली बसवलं, वर वाळूचा थर दिला आणि सगळ्या अंगणाला एकसारखी फरशी घातली. उद्या चेंबर उघडायची वेळ आली तर, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मागच्या उंबऱ्यापासून सरळ भिंतीकडे आठ पावलं. मी आहे ना सांगायला.”

मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. माहेरी माझ्यासाठी कोणी एक खिळाही ठोकला नव्हता.

त्याला आता बावीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या. ह्यांची नोकरी परगावी, महिन्यातून दोनदा येतात. घरात मी आणि बाबा. गेल्या दोन वर्षांत बाबांचं काहीतरी बिनसत चाललं होतं. एकदा रिकामं पातेलं गॅसवर ठेवून झोपून गेले. एकदा केस कापायला गेले आणि परतताना तिसऱ्याच गल्लीत सापडले. मला नणंदेच्या नावानं हाक मारतात आणि वर ओ दिली नाही म्हणून रागावतात. नणंद म्हणजे ताई. त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाचव्या मजल्यावर. पातेल्याचं कळल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, “रविवारी चार वाजता येते. बाबांना घेऊन जाते. कायमचं.”

मी नको म्हणाले नाही. उलट मनातून थोडं हायसंच वाटलं, हे आता सांगायला लाज वाटते. शनिवारी बाबांचे कपडे भरून पिशवी मी त्यांच्या खाटेवर ठेवली. त्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती बाजूला सरकवून आडवे झाले. भांडले असते तर परवडलं असतं.

त्या आठवड्यात ते एकच गोष्ट तीनदा म्हणाले होते. “बाथरूमच्या जाळीतून गुळगुळ आवाज येतोय. मेन लाइन भरत आलीय.” मी मान न उचलता “हो हो, बघू” म्हटलं. लहान पोराला म्हणावं तसं.

रविवारी सकाळी संडासात पाणी टाकलं आणि ते खाली जायच्या ऐवजी बाथरूमच्या जाळीतून वर आलं. काळं, तेलकट, वासानं डोळ्यांत पाणी आणणारं. स्वयंपाकघरात सिंकचा नळ चालू होता. मी धावत जाऊन तो बंद केला, तोवर पाणी बाथरूमभर पसरलं होतं. पुढच्या खोलीत जमिनीवर शाळेच्या चाळीस गणवेशांचं कापड रचून ठेवलेलं. ते छातीशी धरून पलंगावर टाकलं, उंबऱ्याशी जुन्या चादरींचा बांध घातला आणि ड्रेनेजवाल्याला फोन लावला. आधीच घरात रडारड व्हायची बाकी होती, त्यात हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

ड्रेनेजवाला धिप्पाड माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी “होऊन जाईल” म्हणायची सवय. त्यानं संडासातून लांब स्प्रिंग घातली, फिरवली, घाम पुसला, परत फिरवली.

“वळणाशी अडकतेय, वहिनी. चेंबर उघडून उलट्या बाजूनं मारावी लागेल. चेंबर कुठंय?”

मी बाबांकडे बघितलं. ते कधीचे दारात येऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, पाण्यानं घर भरत असताना, चक्क उत्साह होता. किती दिवसांनी त्यांना कोणी काही विचारलं होतं!

“मागच्या उंबऱ्यापासून सरळ आठ पावलं,” बाबा म्हणाले. माझ्या शिवणाच्या डब्यातला खडू त्यांनी आधीच खिशात घातला होता. अंगणात उतरून उंबऱ्याला टाच लावली, हात मागे बांधले आणि मोठ्यानं मोजत निघाले. आठव्या पावलाला थांबून फरशीवर फुली मारली. “फोड.”

ड्रेनेजवाल्यानं हातोड्याच्या दांड्यानं ठोकून बघितलं. “पोकळ वाजत नाही, मिस्त्री.”

“वाजेल कशी? खाली वाळू ठासून भरलीय मी. फोड म्हणतो ना.”

फोडली. खाली माती. हातभर खोदलं तरी मातीच.

“पुन्हा मोजतो,” बाबा म्हणाले. पुन्हा टाच लावली, पुन्हा आठ. या वेळी फुली वीतभर पुढे पडली. तिथं फोडली. माती. बाबांनी उंबऱ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा ते उंबऱ्याऐवजी बाथरूमच्या दारापासून मोजायला लागले, आणि मला कळलं की ते आता घाबरलेत. घाबरलेला माणूस जिथं हरवलं नाही तिथंही शोधतो. तिथली फरशीही फुटली. तीन खड्डे झाले आणि चेंबरचा पत्ता नाही.

ड्रेनेजवाला हळूच, पण ऐकू जाईल असं बोलला, “साठी बुद्धी नाठी.”

“साठी नाही,” बाबा म्हणाले. “एकोणऐंशी.”

त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले.

घड्याळात दीड वाजला होता. बाथरूममधलं पाणी चादरींच्या बांधाला लागलं होतं. ड्रेनेजवाला म्हणाला, उद्या मशीन आणतो, सगळं अंगण उखडू, होऊन जाईल. म्हणजे उद्यापर्यंत घरात नळ सोडायचा नाही, संडासाला शेजारी जायचं, आणि चार वाजता ताई येऊन हे सगळं बघणार. स्वतः पुरलेलं झाकण ज्यांना सापडत नाही त्यांना घरी ठेवा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मुळात मी तसं सांगणार होते का? त्या घडीला मलाही वाटलं, गेलं. बाबांचं डोकं गेलं. कपाळातला तो नकाशा पुसला गेला.

आत गेले तर ते खाटेवर पिशवीशेजारी बसले होते.

“ताईला फोन कर,” ते म्हणाले. “चारची वाट बघू नको म्हणावं. आत्ताच ये. दुसऱ्याचं विसरलो तर चालतं गं, पोरी. स्वतःच्या हातचं विसरलो.”

त्यांची पॅन्ट त्या घाण पाण्यानं खाली भिजली होती, टाचेखाली येत होती. निदान ती तरी वर दुमडावी म्हणून मी खाली बसले. कड उलटली तर आत माझेच टाके. एक शिलाई गेल्या वर्षीची, तिच्यावर दुसरी या वर्षीची. दोन्ही वेळा बाबाच म्हणाले होते, “पायात येतेय, जरा आखूड कर.” आणि मी दोन्ही वेळा दुमडून दिली होती. पॅन्ट काही वाढत नाही. माणूस आटतो. हे मला, शिंपिणीला, कोणी सांगायला हवं होतं का?

मी मान वर केली. दारापासून खाटेपर्यंत त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापासून जेमतेम वीतभर.

“बाबा, पुढचा व्हरांडा किती?”

“सहा पावलं,” ते वैतागून म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत. “आता व्हरांड्याचं काय मध्येच?”

“चालून दाखवा.”

“थट्टा करतेस?”

“नाही. पाया पडते, एकदा चालून दाखवा.”

ते आले. सगळा राग चेहऱ्यावर घेऊन भिंतीला टाच लावली आणि निघाले. एक, दोन, तीन. सहाला भिंत यायला हवी होती. ती बरीच लांब होती. बाबा सहाव्या पावलाशी थबकले, मग मोजत राहिले. सात. आठ. नऊ. दहाला हात भिंतीला लागला.

त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हा व्हरांडा कोणी वाढवला?”

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. “कोणी नाही हो, बाबा. तुमचं डोकं जागेवर आहे. पाऊल लहान झालंय.”

मी गळ्यातली टेप काढली. पाच फुटी टेप, व्हरांड्यात बरोबर तीन वेळा बसली. पंधरा फूट. ड्रेनेजवाला आता दारात येऊन उभा होता आणि तोंडातल्या तोंडात हिशेब करत होता. “पंधराला सहा म्हणजे अडीच. आधी अडीच फुटाचं पाऊल होतं, आता दीडाचं राहिलंय. आठ पावलं म्हणजे... वीस फूट! आपण बारावर खणत बसलो.”

“चार टेपा,” मी म्हणाले.

उंबऱ्यापासून चार वेळा टेप टाकली. ती जागा धुण्याच्या दगडाच्या अगदी पुढ्यात होती. बावीस वर्षं मी रोज तिथंच उभी राहून कपडे पिळत होते. बाबांनी या वेळी फुली मारली नाही. भिंतीला धरून उभे राहिले. पहिली फरशी फुटली, दुसरी फुटली, आणि छिन्नी आत गेली ती सरसरत.

“वाळू!” बाबा ओरडले. “वाळू लागली! सांगितलं होतं मी!”

वाळूखाली झाकण होतं. गंजलेलं, पण जागच्या जागी. ते निघालं, उलट्या बाजूनं स्प्रिंग गेली, आणि थोड्या वेळानं घरातून घशातला घास उतरावा तसा आवाज आला. मी आत धावले. बाथरूममधलं पाणी गोल फिरत जाळीत शिरत होतं. त्या घाणीकडे बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नसेल.

बोळा काय निघाला म्हणाल, तर रंगीबेरंगी दोऱ्यांचा. तेलात मुरलेला, नारळाएवढा. वर्षानुवर्षं फरशी पुसून फडकं मी बाथरूममध्ये पिळत आले होते, त्यातून गेलेले. ड्रेनेजवाल्यानं तो गजावर उचलून दाखवला. “मिस्त्रींना उगाच बोललो, वहिनी. ही तुमची शिलाई.”

बाबांनी हसू दाबलं नाही. मीही मान खाली घालून ऐकून घेतलं.

चारला ताई आल्या. वासानं नाकाला पदर लावला, अंगणातले चार खड्डे बघून डोळे विस्फारले. मी सगळं सांगितलं, अगदी दोऱ्यांसकट. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि गॅस? वाट चुकले ते? तेही पावलामुळेच का?”

बाबा विसरतात हे खोटं नाही. “गॅस मी बघीन,” मी म्हणाले. “पण ते सांगतात त्यातलं काय खरं आणि काय नाही हे आपण बघितलंच नाही, ताई. सगळंच सोडून दिलं.”

ताई आत गेल्या आणि खाटेवरची पिशवी घेऊन बाहेर आल्या. बाबांनी पिशवी बघितली. मग तिकडे पाठ करून मला म्हणाले, “ये इकडे. उंबऱ्याला टाच लाव. तुझ्या पावलानं मोज, माझं आता खरं नाही.”

मी मोजत गेले. झाकणापाशी पोहोचले तेव्हा बारा झाली.

“बारा कशी होतील?” बाबा म्हणाले. “माझ्याबरोबर चालतेस तशी नको चालू. तुझ्या चालीनं चाल.”

मी तशीच उभी राहिले. औषधाला, बाजाराला, कोपऱ्यावरच्या दुकानात, मी त्यांच्या बरोबरीनं चालत होते आणि त्यांचं पाऊल जसं आखडत गेलं तसं माझंही आखडत गेलं. म्हणून तर ते मला कधी दिसलं नाही. त्यांना मात्र दिसत होतं, की मी त्यांच्यासाठी हळू चालते.

परत गेले, टाच लावली आणि माझ्या चालीनं चालले. नऊ.

“नऊ,” बाबा म्हणाले. “ध्यानात ठेव. मी विसरीन.”

ताई उंबऱ्यावर उभ्या होत्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि उंबऱ्याला टाच लावली.