साडभाऊ आणि न दिसणारा सांधा

माझ्या साडभाऊंना या जगात एकाच गोष्टीचा राग येतो. महागाईचा नाही, गर्दीचा नाही, उन्हाळ्यात चार तास गेलेल्या विजेचाही नाही. एक रंग संपून दुसरा सुरू होताना मधे जी रेघ दिसते, तिचा. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभं आयुष्य त्यांनी स्वतःच्या गॅरेजात फवाऱ्यानं गाड्या रंगवल्या. मग गॅरेज बंद केलं आणि नागपुरात बेसा भागातल्या फ्लॅटच्या गॅलरीत टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून, शाडूची बोटभर माणसं रंगवायला बसले. भाजीवाली, धोबी, ढोलवाला, कोणीही चालतं. फक्त ढोलवाल्याच्या फेट्याचा लाल खालून केशरी होत वर गेला पाहिजे आणि नेमका कुठे झाला ते कोणाला सांगता येता कामा नये. एकदा मी सहज म्हणालो, की एवढ्याशा फेट्याला दोन दिवस कशाला, फवारा होताच की हाताशी. त्यांनी भिंग वर सरकवलं. ‘फवाऱ्यानं तं कोणीबी करते गा. त्यात हवा काम करते, माणूस कुठं करते?’

त्यांची पद्धत ऐकायला सोपी आहे. रंग दुधाहून पातळ करायचा. दोन ब्रश घ्यायचे. एकानं रंग ठेवायचा, दुसऱ्या नुसत्या ओलसर ब्रशानं त्याची कड हलकेच ओढून विरवायची. वाळू द्यायचं. पुन्हा पातळ थर, पुन्हा कड विरवायची, असं आठ-दहा वेळा. ब्रशाचं टोक ते जिभेनं सरळ करत, त्यामुळे आज काय रंगवलं हे विचारावं लागत नसे; साडभाऊ हसले की कळायचं. आमच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा हॉलची भिंत खाली गुलाबी आणि वर पांढरी पाहून त्यांनी अख्खं जेवण तिच्याकडे पाठ करून उरकलं. संत्री आणली, तर अर्धं हिरवं अर्धं पिवळं असलेलं फळ फ्रिजवर मांडून ठेवत आणि पाहुण्यांना बजावत, ‘ते खाऊ नका, ते पाहाचं आहे.’ धरमपेठेत तर एका अनोळखी माणसामागे ते दोन चौक स्कूटर दामटत गेले. उन्हानं विटून त्याच्या शर्टाचा निळा खांद्याकडे आकाशासारखा फिका होत गेला होता म्हणून. तो माणूस घाबरून थांबला. ‘भाऊ, हा शर्ट किती वर्षं वापरला?’ एवढंच विचारून हे परत फिरले.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून सुटला. लकवा होता. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून बोलणं वाचलं, चालणंही आलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राही. आम्ही भेटायला जायचो तेव्हा ते गॅलरीकडे पाठ करून बसलेले असत. टेबलावर चादर टाकलेली. ‘डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल,’ असं मी म्हटलं की ते मान हलवत, माझं मन राखायला.

दोन महिने अकडसासूनं हे पाहिलं. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे अकडसासू म्हणतात, आणि ती नावाला जागणारी आहे. एका दुपारी तिनं चादर ओढून काढली आणि त्यांच्या डाव्या हातात ब्रश कोंबला. ‘काहून? हा हात काय भाड्यानं आणला आहे?’

डाव्या हातानं त्यांनी एक भाजीवाली रंगवली. तिच्या लुगड्यावर डाग पडले. साडभाऊंनी ब्रश खाली ठेवला आणि अख्ख्या सासरानं कधी पाहिलं नव्हतं ते आम्ही पाहिलं; त्यांचे डोळे भरून आले. अकडसासूनं तो ब्रश उचलला. मग खुर्ची ओढून स्वतःच बसली. ‘तुमी रंग कालवा. मले सांगा कसं कराचं.’

तिचं, म्हणजे माझ्या बायकोचंही, माहेर उमरेडचं, विणकरांचं. मागावरचा तुटलेला धागा जोडायचं काम लहानपणी तिच्याकडे असे. गाठ बोटाला लागली तर वडील ती पुन्हा घालायला लावत. हे मला ऐकून माहीत होतं, पण त्या बोटांत अजून काय शिल्लक आहे हे त्या दुपारी दिसलं. पहिल्या आठवड्यात भांडणंच फार झाली. ‘पाणी जास्त झालं वं!’ ‘तुमीच टाकलं!’ पण चौथ्या बाहुलीच्या पदराला हिरवा असा काही हळदीत उतरला, की साडभाऊंनी भिंग लावून ती बाहुली डाव्या हातात चारही बाजूंनी फिरवून पाहिली.

‘हे मी नाही सांगितलं तुले,’ ते म्हणाले.

‘बाबाच्या मागावर असं लुगडं होतं,’ ती म्हणाली. ‘उभा ताणा हिरवा, आडवा बाणा पिवळा. हललं की रंग फिरे.’ आणि चहा ठेवायला उठली.

परवा गेलो तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागली होती. ती त्यांनी मला लहान मुलासारखी हलवून दाखवली. टेबलावर नवी बाहुली होती, मागावर बसलेली एक परकरी पोर, अजून कोरी. तिच्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, ‘रंग पाहासाठी मी साऱ्या नागपुरात हिंडलो गा. लोकायचे शर्ट पाहिले. अन् हिले कधी विचारलंच नाही, की तुया बापाच्या घरी कोणते रंग होते. आता विचारून राहिलो.’

‘विचारू नका,’ स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘रंग कालवा. मी आलीच.’

साडभाऊंनी डाव्या हातानं वाटी जवळ ओढली, आणि उजव्या हाताची दोन बोटं तिच्या काठावर नेऊन ठेवली, वाटी हलू नये म्हणून.