देवावर सोडा म्हणणारी माणसं

माझा नवरा गेला त्या दिवशी धाकट्या दिरांनी माझ्या दोन्ही मुलींच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "वहिनी, मी हाय तवर तुमाला कसलीच काळजी न्हाय." इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. तेराव्याला कन्हेरीहून माझा भाऊ आला आणि म्हणाला, "पोरींची नावं सातबाऱ्यावर लावून घे." मी त्यालाच झापलं. माझ्या दिरावर संशय घेतो म्हणून. आजही ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

पुढं ऊस नोंदवायला कारखान्यात सातबारा लागला. उतारा काढून देणारा माणूस कागद बघून म्हणाला, "ताई, यात तुमचं नाव न्हाय."

नवऱ्याच्या हिश्श्यावर एकच नाव होतं, माझ्या सासूबाईंचं. मयताला आईशिवाय वारस नाही, असं प्रतिज्ञापत्र झालं होतं आणि त्याखाली आत्यांचा अंगठा होता. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. बारा वर्षं त्या रानात खुरपलेली बायको आणि दोन पोरी कागदावर जन्मालाच आल्या नव्हत्या.

मी तशीच दिरांच्या दारात गेले. ते चहा पीत बसले होते.

"भावजी, हे काय केलंत?"

"तुमी तरण्या हाय, वहिनी. उद्या दुसरं घर केलंत तर वावार परक्याच्या हातात. पोरी तर जाणारच. आईच्या नावावर हाय म्हंजी घरातच हाय की." कप खाली ठेवून ते म्हणाले, "देवावर सोडा. त्याच्या मनात असंल तसं व्हईल."

जमीन त्यांनी घेतली आणि देव माझ्याकडे ढकलला. पुढचे महिनाभर जो भेटेल तो तेच सांगायचा. देवावर सोड. सांगणाऱ्यांची स्वतःची शेतं मात्र बांधासकट शाबूत होती. मला देवाचं नाव नकोसं झालं. घरातला दिवा लावायचं मी बंद केलं, तहसील कचेरीत हरकतीचा अर्ज दिला, आणि अंगठा देणाऱ्या आत्यांशी बोलणं सोडलं. त्या दिरांकडेच राहायच्या. रस्त्यात दिसल्या तर मी तोंड फिरवायचे.

सुनावणीच्या दिवशी इंदापुरात एसटीतून उतरून कचेरीत गेले, तर बाहेरच्या बाकावर आत्या बसलेल्या. एकट्याच. आधीच्या गाडीनं आलेल्या. मला वाटलं, लेकाच्या बाजूनं बोलायला आल्या. मी लांबच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

आत दीर आधीच हजर होते. साहेबांनी आत्यांना विचारलं, "आजी, हा अंगठा तुमचाच ना?"

"अंगठा माजा हाय. लिवलेलं माजं न्हाय. पेन्शनीचा कागद म्हणून ह्या धाकट्यानं अंगठा घेतला. माज्या थोरल्याला बायकू हाय, दोन लेकी हायत. ही बगा, हितं हुबी हाय."

दीर म्हणाले, "आये, गप बस."

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माजं नाव काडा सायेब, ह्यांची लावा."

"आजी, आई म्हणून तुमचाही हक्क आहे. तुमचं नाव राहू द्या. म्हातारपणी आधार लागतो."

"आमची मेंढरं हुती तवा आमच्या नावावर इतभर जमीन नव्हती. ज्या रानात जायाचो तितं बिरोबा पोसायचाच की."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि मगच अंगठा घेतला.

बाहेर पायऱ्यांवर मी आत्यांना गाठलं. "आता घरी गेल्यावर?"

"पहाटंच सांगून आले त्याला. म्हणला, गेलीस तर परत येऊ नगं."

"मग ऱ्हाणार कुठं?"

"बिरोबा बगंल."

माझा तोल सुटला. "बिरोबा काय भाकरी थापून देणार हाय? तुमचा लेकबी हेच म्हणतुया, देवावर सोडा."

आत्यांनी पदर सावरला. त्यांच्याही आवाजात आता राग होता. "त्यो देवावर काय सोडतुया? सगळं तर त्यानं मुठीत धरलंय. मी सोडलं. घर सोडलं, लेक सोडला. तू दारात हुबी करशील का न्हाय, त्ये तरी कुठं ठाऊक हुतं मला? तरी आले."

मी त्यांचा हात धरून स्टँडाकडं निघाले. एसटीत आम्ही शेजारी बसलो.

त्या माझ्याकडेच राहिल्या. दोन-अडीच महिन्यांनी दुरुस्ती झाली. आम्हा तिघींची नावं लागली, कायद्यानं त्यांचंही राहिलं. दीर अजून आईशी बोलत नाहीत. देवळात मात्र सगळ्यांच्या पुढे उभे असतात. ते बघितलं की माझ्या अंगाची आग होते. आत्या म्हणतात, माफ कर. मी करणार नाही, आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलंय.

दिवा मात्र मी पुन्हा लावते. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं म्हणून नव्हे. पुढं काय होईल ते ठाऊक नसताना ती बाई पहाटेच्या गाडीत बसली, म्हणून.